आपला आवाज, आपल्या कानांनी

१९९२ साली मी बी.ए. होऊन नोकरी शोधत होतो आणि कविता लिहीत होतो. दोन्हीकडून नकाराची पत्रं सारख्याच नियमाने येत. त्याच वर्षी आकाशवाणीच्या एका केंद्रावरून नवोदित कवींच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. स्टुडिओचं जाड दार, लाल दिवा, हिरव्या कापडाचं टेबल आणि काचेपलीकडे फिरणारी टेपची मोठी चकती. मी तीन कविता वाचल्या. निर्मात्या बाईंनी काचेपलीकडून विचारलं, "ऐकता का एकदा?" आणि त्यांनी टेप मागे फिरवून लावली.

तो आवाज माझा नव्हता. निदान मला तसं वाटलं. पातळ, घाईतला, कुणा दुसऱ्याचाच. त्याहून वाईट म्हणजे माझ्या कवितेतलं 'आभाळ' त्या टेपवर चक्क 'आभाल' झालं होतं. आमच्या घरी दखनी बोलतात; तिच्यात 'ळ' नाही. माझी शाळा मराठी, मित्र मराठी, कविता मराठी. मास्तरांनी शाळेत किमान दहा वेळा हा 'ळ' दुरुस्त केला होता. मी प्रत्येक वेळी 'हो सर' म्हणालो होतो, कारण आपण 'ळ'च म्हणतो अशी माझी खात्री होती. बाई एक शब्दही बोलल्या नाहीत. मीच म्हणालो, "पुन्हा वाचू का?" त्या म्हणाल्या, "वाचा ना."

पुढे मला एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात साहाय्यकाची नोकरी लागली. कवी माणूस आणि भोवती 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स'ची पुस्तकं! पण त्या नोकरीमुळेच मला एक गोष्ट जवळून पाहता आली. भावी इंजिनिअरांना 'बोलायला' शिकवण्याची खटपट, आणि त्या खटपटीत ध्वनिमुद्रणाचं यंत्र कसं शिरलं, ही ती गोष्ट. यंत्राचा इतिहास मी नंतर हौसेने वाचला.

थॉमस एडिसनने फोनोग्राफ बनवला १८७७च्या अखेरीला. पुढच्याच वर्षी 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' या नियतकालिकात त्याने लेख लिहून या यंत्राचा काय काय उपयोग होईल याची यादी दिली. आज आपल्याला वाटतं की पहिला उपयोग गाणं असणार. एडिसनच्या यादीत गाणं चौथं आहे. पहिली पत्रं सांगून लिहून घेणं, दुसरी अंधांसाठी बोलणारी पुस्तकं, आणि तिसरी गोष्ट, गाण्याच्याही आधीची, वक्तृत्वाचं शिक्षण. म्हणजे माणसाला बोलायला शिकवण्याचं काम या यंत्राच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेलं होतं. पुढे गाण्याने बाजार काबीज केला आणि ही नोंद मागे पडली.

पूर्ण पडली नाही. १९०१ साली लंडनमध्ये लिंग्वाफोन कंपनी निघाली. आधी मेणाच्या नळकांड्यांवर आणि मग तबकड्यांवर ती परक्या भाषांचे धडे विकू लागली. सोबत चित्रांचं पुस्तक असे. तबकडीवरचा गृहस्थ शुद्ध उच्चारात वाक्य म्हणतो, तुम्ही त्याच्यामागून म्हणायचं. पण तुम्ही काय म्हणालात हे कोण ऐकणार? तबकडी तर पुढे निघून गेलेली. आमच्या मक्तबातले उस्ताद काय किंवा वेदपाठशाळेतले गुरुजी काय, शिष्य म्हणतो ते कान देऊन ऐकत आणि चुकलं की तिथेच थांबवत. तबकडीला तोंड होतं, कान नव्हते.

इथे एक गंमत सांगतो. १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपताच बाई इंग्रजीत आपलं नाव सांगतात. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावं म्हणून ही सोय. एका हिंदुस्थानी गायिकेला इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यावी लागते, कारण माल परदेशी कारखान्यात जाणार आहे! शंभर वर्षांनी आमच्या कॉलेजातली पोरं टाय बांधून 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चं उत्तर घोकताना पाहिली, की मला गौहर जान आठवे. बाईंनी ते वाक्य मोठ्या झोकात म्हटलं आहे. पोरांना तो झोक येत नव्हता.

भाषाप्रयोगशाळा, म्हणजे लँग्वेज लॅब, ही कल्पना अमेरिकेत वाढली. ओहायो स्टेट विद्यापीठात १९२४ साली तशी एक खोली सुरू झाली. ती फोफावली मात्र युद्धाने आणि भीतीने. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना परक्या भाषा झटपट शिकवायच्या होत्या. मग १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला, अमेरिका हादरली, आणि १९५८च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने गणित-विज्ञानाबरोबर परकीय भाषांसाठीही पैसा ओतला. शाळाशाळांतून कप्पे उभे राहिले. प्रत्येक कप्प्यात हेडफोन, मायक्रोफोन आणि टेप. त्या टेपवर दोन पट्टे असत. एकावर गुरूचा आवाज, दुसऱ्यावर विद्यार्थ्याचा. दोन्ही ऐकून ताडून बघायचं. म्हणजे कान इथे आले होते, हे मान्य करायला हवं. पण यंत्रं महाग, खोली कुलपात, तास ठरलेला, आणि म्हणायची ती वाक्यं दुसऱ्याने रचलेली. स्वतःचं दोन मिनिटं बोलून ते ऐकण्याची तिथे सहसा सोय नव्हती.

आपल्याकडे १९५८ सालीच हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश स्थापन झाली आणि इंग्रजी शिकवणाऱ्यांना उच्चारशास्त्राचे धडे मिळू लागले. इंजिनिअरिंगच्या वाटेला मात्र यातलं फारसं काही आलं नाही. कारण गरजच भासत नव्हती. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज १८५४चं. सुरुवातीला सरकारी बांधकामखात्यासाठी माणसं तयार करणारा तो एक वर्ग होता. पुढेही सव्वाशे वर्षं जी मोजकी मुलं इंजिनिअर होत, ती बहुधा इंग्रजीला सरावलेल्या घरांतून येत, आणि सरकारी नोकरीत बोलण्यापेक्षा लिहिण्याचं काम जास्त.

चित्र बदललं १९८३ साली. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यावर टीका पुष्कळ झाली, आजही होते, आणि ती सगळी चूक नाही. पण त्या दारातून जी मुलं आत आली त्यांच्या घरात आधी कुणी इंजिनिअर सोडा, पदवीधरही नव्हता. ऊसपट्ट्यातली, खानदेशातली, मराठवाड्यातली. आमच्या मोहल्ल्यातलीही दोन. गणितात तल्लख, मराठी माध्यमातून आलेली. आणि त्यांचा पास होण्याचा काळ नेमका तो, जेव्हा नोकऱ्या सरकारकडून सॉफ्टवेअर कंपन्यांकडे सरकल्या. आता परीक्षा कागदावर संपत नव्हती. नंतर ग्रुप डिस्कशन होतं, मुलाखत होती. २००५ साली नॅसकॉम आणि मॅकिन्झी यांच्या अहवालात एक आकडा आला. भारतातल्या इंजिनिअरिंग पदवीधरांपैकी जेमतेम २५ टक्के बहुराष्ट्रीय कंपन्यांत नोकरीला लायक आहेत, असा. वर्तमानपत्रांनी तो आकडा उचलून धरला. आमच्या नोटीसबोर्डावरही कुणीतरी कात्रण लावलं. त्यासमोर उभी राहिलेली मुलं मला आठवतात. प्रत्येक जण मनात हिशेब करत असणार, चारांतला एक मी की उरलेले तीन.

या मुलांना इंग्रजी येत नव्हतं का? ग्रंथालयात बसून माझं मत वेगळं झालं. ती सहाशे पानांचं इंग्रजी पुस्तक वाचून समजून घेत. पण त्यांचं इंग्रजी डोळ्यांनी शिकलेलं होतं. 'डिटरमिन' हा शब्द ती दिवसातून पन्नास वेळा वाचत आणि 'डिटरमाइन' म्हणत, कारण तो त्यांनी ऐकलाच नव्हता. 'मेझर' आणि 'मेजर' त्यांच्या तोंडी एकच. यात हसण्यासारखं काही नाही. माझं 'आभाल' त्याच जातीचं होतं, उलट्या दिशेचं.

महाविद्यालयाने त्या सुमारास लँग्वेज लॅब घेतली. वीस संगणक, वीस हेडफोन, काचेची कप्पेबंद खोली. किल्ली कार्यालयात. तपासणी समिती येणार असली की खोली उघडे, हेडफोनवरची धूळ पुसली जाई. सॉफ्टवेअरमधला माणूस लंडनच्या रेल्वे स्टेशनवर तिकीट कसं मागावं ते शिकवी. सातारा-कराड एस.टी.ने येणाऱ्या मुलांना तो प्रसंग कधी येणार होता कोण जाणे.

आता ध्वनी अंकांत बदलतो म्हणजे काय होतं, ते मला इलेक्ट्रॉनिक्सच्या एका विद्यार्थिनीने सांगितलं, म्हणून तिच्याच रीतीने सांगतो. आवाज म्हणजे हवेचा दाब वरखाली होणं. टेप त्या लाटेची सलग नक्कल करते. अंकीय पद्धतीत त्या लाटेची उंची ठरावीक वेळाने मोजतात आणि फक्त आकडे लिहून ठेवतात. टेलिफोनसाठी सेकंदाला ८,००० वेळा, १९८२ साली आलेल्या सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० वेळा. किती वेळा मोजलं म्हणजे पुरे, याचा नियम नायक्विस्टच्या नावाने शिकवतात. आवाजात जेवढी कमाल कंपनसंख्या असेल तिच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. आवाज असा आकड्यांत पाठवण्याची युक्ती ॲलेक रीव्हज या इंग्रज इंजिनिअरने १९३७ साली काढली. तेव्हा ती परवडणारी उपकरणं नव्हती, म्हणून वर्षानुवर्षं कागदावर राहिली. १९९५ साली एम.पी.थ्री हे नाव रूढ झालं. कानाला जे जाणवत नाही ते गाळून फाइल लहान करणारी ही जर्मन संशोधकांची करामत. २००० साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातून 'ऑडॅसिटी' नावाचा ध्वनिमुद्रणाचा कार्यक्रम बाहेर पडला, तोही फुकट.

यातून नेमकं काय बदललं? आवाज चांगला झाला, हे दुय्यम. मुख्य म्हणजे चूक फुकट झाली. टेप महाग होती, म्हणून टेपवर चांगलंच बोलावं लागे. आकडे पुसायला पैसा लागत नाही. वीस वेळा बोला, एकोणीस पुसा. आणि हे सगळं एकट्याने, दार लावून.

जगात इतरत्रही हे कळत होतं. २००४ साली अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठाने सोळाशेहून अधिक नव्या विद्यार्थ्यांना आयपॉड वाटले, सोबत आवाज टिपण्याचं जोडयंत्र. गाणी ऐकण्याची चैन म्हणून त्यावर टीकाही झाली. पण अभ्यासासाठी शिक्षक-विद्यार्थ्यांना अधिक रस वाटला तो ध्वनिमुद्रणात. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात 'अण्णा एफएम' सुरू झालं, देशातलं पहिलं विद्यापीठीय सामुदायिक रेडिओ केंद्र. तेही मुख्यतः इंजिनिअरिंगच्या विद्यापीठात, आणि भोवतीच्या वस्त्यांसाठी.

आमच्याकडे असं काही भव्य घडलं नाही. इंग्रजीच्या एक प्राध्यापिका होत्या. लॅबच्या किल्लीसाठी अर्ज करून त्या थकल्या आणि ग्रंथालयात आल्या. माझ्याकडे एक जुना संगणक होता. त्यावर ऑडॅसिटी घातलं, दीडशे रुपयांचा माईक आणला. काम त्यांनी सोपं ठेवलं. आपल्या विषयातली एक गोष्ट आईला समजावतो आहोत असं समजून दोन मिनिटं सांगायची. आधी मराठीत, मग इंग्रजीत. कागद हातात घ्यायचा नाही. स्वतः ऐकायचं, पटलं तर ठेवायचं, नाहीतर पुसून पुन्हा.

पहिल्या आठवड्यात मी एकच वाक्य ऐकत होतो: "सर, हा माझा आवाज नाही." मी त्यांना हाडांची गोष्ट सांगे. बोलताना आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी पोहोचतो, हवेतून आणि कवटीच्या हाडांतून. हाडं खर्जाला पोसतात, म्हणून आतून आपण भारदस्त असतो. माईकला फक्त हवेतला आवाज मिळतो. जगाला तोच ऐकू येतो.

आणि मग एक गोष्ट घडली जी आम्हा दोघांच्याही ध्यानात नव्हती. ऑडॅसिटी आवाजाचं चित्र काढतं. बोलणं म्हणजे निळी दाट रेघाटी, शांतता म्हणजे सरळ आडवी रेघ. कान सांगतो त्यावर इंजिनिअरिंगच्या पोरांचा विश्वास बसेना, पण आलेखावर त्यांची श्रद्धा! एक मुलगा आपलं चित्र बघून म्हणाला, "सर, याच्यात सरळ रेघच नाही." दोन मिनिटांचं बोलणं त्याने सत्तर सेकंदांत संपवलं होतं, एका श्वासात, मागे कुणी लागल्यासारखं. पुढच्या वेळी तो मुद्दाम सरळ रेघा काढायला बसला. आणि रेघा काढता काढता थांबायला शिकला. मुशायऱ्यात पहिली ओळ म्हणून शायर थांबतो, ती दाद मागण्याची जागा असते. ऐकणाऱ्याला पोहोचायला वेळ लागतो हे त्याला ठाऊक असतं. मला हे सांगायला वीस वर्षं लागली असती. त्या रेघेने एका दुपारी सांगितलं.

नायक्विस्टवाली मुलगीही यातलीच. तिला तो नियम सिद्धतेसकट पाठ होता. पण 'आईला सांग' म्हटल्यावर पहिल्या चार वेळा ती मराठीतच अडकली. पाचव्या वेळी तिने तवा आणि भाकरीचा दाखला घेतला: किती वेळा डोकावलं म्हणजे भाकरी फुगल्याचंही कळतं आणि करपत असल्याचंही. मराठी जमलं तसं इंग्रजीही सरळ झालं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला इंग्रजीपेक्षा समोरचा माणूस अडवत होता. तो तिला आजवर दिसलाच नव्हता. परीक्षेत आपण परीक्षकाला सांगतो, आणि त्याला ते आधीच येत असतं.

सगळ्यांचं भलं झालं असं मी म्हणणार नाही. काहींनी आपला आवाज एकदा ऐकला आणि परत फिरकले नाहीत. एकाने तर सीडीवरच्या गोऱ्या गृहस्थाची अशी नक्कल केली, की त्याच्या बोलण्यातलं 'डिटरमिन' अगदी शुद्ध आणि बाकी काहीच कळेना. त्याला बाईंनी परत बोलायला लावलं, स्वतःच्या आवाजात. उच्चार समजण्याइतका नीट हवा, पण गावाकडचा लहजा पुसून टाकायची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि माझंही आहे. नंतरच्या काळात उमेदवाराचं बोलणं ऐकून आपोआप गुण देणाऱ्या चाचण्या नोकरभरतीत आल्या. त्या यंत्रांना भाकरीचा दाखला कितपत कळतो, याची मला शंका आहे.

पुढे संगणकही लागेनासा झाला. मोबाइल आले, त्यात माईक आला. २०१३ साली व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवण्याची सोय झाली, २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, आणि २०२०च्या टाळेबंदीत तोंडी परीक्षाही मोबाइलवरच झाल्या. २०१८ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, अभियांत्रिकीचा नमुना अभ्यासक्रम काढला. त्यात इंग्रजीच्या विषयाला भाषाप्रयोगशाळेतलं तोंडी काम जोडलेलं आहे: ऐकणं, उच्चार, संवाद, मुलाखत, सादरीकरण. कागदावर उत्तम. किल्ली कुणाकडे असते, ते कागदावर लिहीत नाहीत.

एक गोष्ट मात्र अजून कुणी मनावर घेतलेली दिसत नाही. २०२१ साली परिषदेने भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली आणि पिंपरी चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरू झाला. पुस्तकांची भाषांतरं झाली. पण पुस्तक पुन्हा डोळ्यांसाठीच. ट्रान्सफॉर्मर कसा चालतो, कॅनॉलचं पाणी या आठवड्यात का येणार नाही, पुलाचा हा खांब का तपासायचा, हे शेतकऱ्याला किंवा मुकादमाला मराठीत नीट सांगणाऱ्या इंजिनिअरचा आवाज विद्यार्थ्याने ऐकायचा कुठे? तशी ध्वनिमुद्रणं कुणीतरी करायला हवीत. साइटवर जाऊन, ढोबळ आवाजात, यंत्रांच्या घरघरीसकट.

आमचा तो जुना संगणक भंगारात जाताना बाईंनी त्यातल्या फाइली एका पेनड्राइव्हवर घेतल्या आणि ज्याच्या त्याला ज्याची त्याची फाइल पाठवायची ठरवली. बऱ्याच जणांचे पत्ते लागले. सरळ रेघा काढणारा तो मुलगा आता चाकणच्या एका कारखान्यात नव्या लोकांना प्रशिक्षण देतो. त्याला त्याची पहिली, सत्तर सेकंदांची फाइल गेली. रात्री त्याचा आवाजी निरोप आला. आधी बराच वेळ हसणं, मग, "सर, हा कोण आहे? याला जरा पाणी द्या."